साबुदाणा न खाणाऱ्या बाई

शिक्षक-खोलीत सकाळी आल्या आल्या बाकीच्या एकमेकींना नळ आला का विचारायच्या, साडी नवी का विचारायच्या. बाई मात्र पर्स खुंटीला अडकवता अडकवता पोटाची बातमी द्यायच्या. "आज बरंय. बांधून झाली." समोर कुणाचा चहा तोंडाशी असो की डबा उघडा असो. एखादीने नाक मुरडलं की तितक्याच शांतपणे विचारायच्या, "का? तुम्हाला होत नाही?" धुळ्यातल्या आमच्या त्या शाळेत तेव्हा बायका संडासला जायचं तर 'जरा जाऊन येते' म्हणायच्या, आणि तेही कुजबुजत. तिथे ही बाई आपल्या आतड्यांविषयी असं बोलायची, जसं बाकीच्या आपापल्या सुनांविषयी बोलायच्या.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी जळगावहून नवी नवी लागले होते, मराठी शिकवायला. सहाव्या गल्लीत माडीवर एक खोली घेऊन एकटी राहत होते. बाईंचं घर गल्लीच्या पलीकडे, अगदी समोर. त्या विज्ञान शिकवायच्या. माहेर सावद्याचं, केळीवाल्यांचं. सासर धुळ्यातलंच. यजमान एस.टी. डेपोत कारकून, गरीब स्वभावाचा माणूस, घरात त्यांचा आवाज मी क्वचितच ऐकला. तिसरी सासू. तिला अख्खी गल्ली अक्का म्हणायची, बाईही अक्काच म्हणायच्या.

लोक आता बाईंची आठवण काढतात ती हसत हसत. काय वल्ली होत्या, म्हणतात. मला नाही हसू येत. मला अजून राग येतो. त्या बाईला आमच्या गावाने जेवढं छळलं तेवढं एखाद्या चोराला छळलं नसेल, आणि तेही प्रेमाने, ताट वाढून, 'एवढं घ्याच' म्हणत.

बाईंच्या मोठ्या आतड्याला व्रण होते. लग्नानंतर सुरू झालं. आधी जुलाब, मग आव, मग रक्त. गावातल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं आवेचं औषध दिलं. शिकवता शिकवता बाई खडू टेबलावर ठेवून पळायच्या आणि मागे पोरी खुदुखुदु हसायच्या. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा राहिलं नाही. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या सुरू केल्या. सोबत एक आहारही सांगितला. परदेशात काही रोगी तो पाळतात, सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण करून बघा, गोळ्या मात्र सोडू नका, असं म्हणाले. बाईंना गुण आला. रक्त थांबलं, अंग भरलं, आणि पस्तिशीच्या आसपास पुन्हा दिवस राहिले. हे मूल पोटात टिकवायचं आणि बाहेर आलं की आपल्या अंगावर पाजून मोठं करायचं, एवढा एकच ध्यास बाईंनी घेतला. त्याला पोट ताब्यात हवं, आणि पोट ताब्यात ठेवायला तो आहार हवा. इतकी साधी गोष्ट होती. ती आमच्या गावाच्या डोक्यात शेवटपर्यंत शिरली नाही.

गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ बंद. साखर, गूळ, दूध बंद. बटाटा, रताळं, साबुदाणा बंद. चालायचं काय, तर अंडी, बऱ्याचशा भाज्या, बदाम, मध, रात्रंदिवस विरजून चांगलं आंबवलेलं दही, आणि काळे ठिपके पडलेलं केळं. बाईंनी त्याचा आपल्यापुरता नियम करून टाकला होता. "ज्याची खळ होते ते माझं नाही." आणि खळ होते की नाही हे ओळखायला पर्समध्ये कुंकवाच्या डबीशेजारी आयोडीनची छोटी बाटली. कुणी काही खायला दिलं की त्यातला कण बाजूला काढायचा, त्यावर थेंब टाकायचा. निळंकाळं झालं की त्यात पिठूळ अंश आहे. मग तो पदार्थ जिचा तिला परत, चुकलेल्या गणिताची वही परत द्यावी तसा. एकदा सत्यनारायणाच्या प्रसादावर त्यांनी असा थेंब टाकला. शिऱ्यावर. आता शिऱ्यात रवा असतो हे सांगायला आयोडीन कशाला हवं? मी विचारलं तर म्हणाल्या, "मला माहितीये. त्यांना दाखवत होते." त्या घरच्या बाईने पुढे कितीतरी दिवस बाईंना हळदीकुंकवाला बोलावलं नाही.

केळ्यांची तर वेगळीच तऱ्हा. बाईंचा भाऊ सावद्याहून ट्रकवाल्याबरोबर घड पाठवायचा, हिरवागार. बाई तो घरी न ठेवता शाळेच्या प्रयोगशाळेत, सांगाड्याशेजारच्या खुंटीला टांगायच्या. घरी ठेवला तर ठिपके पडायच्या आत अक्का वाटून टाकते, म्हणायच्या. पिकायला लागला की त्याचा वास पार दहावीच्या वर्गापर्यंत. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, एकदा तणतणत आल्या. "ही प्रयोगशाळा आहे का केळ्यांची वखार?" बाई म्हणाल्या, "वखारीत पिकवून विकतात. मी पिकवून शिकवते." आणि खरोखर शिकवलं त्यांनी. कच्च्या केळ्याच्या चकतीवर थेंब टाकला, काळीठिक्कर झाली. ठिपकेवाल्या केळ्याच्या चकतीवर टाकला, जेमतेम रंग धरला. पिकताना पिठाची साखर होते, ती माझ्या पोटाला चालते, पीठ चालत नाही. त्या वर्गातल्या पोरी अजून भेटतात मला बाजारात, त्यांना तो धडा जसाच्या तसा पाठ आहे. भाऊ मात्र चिडायचा. सावद्याचा माल हिरवा असतानाच दिल्लीला जातो. ठिपके पडलेलं केळं म्हणजे गुरांपुढे टाकायचं. "लोक म्हनतीन, भाऊ बहिनीले गुरांचं खायाले देते," असं तो माझ्यासमोर म्हणाला होता. बहिणीच्या आतड्यापेक्षा त्याला घडाची अब्रू मोठी.

नववीला पचनसंस्था शिकवताना बाईंनी फळ्यावर मोठी आकृती काढली आणि मोठ्या आतड्याच्या डाव्या वळणावर खडूने ठिपके दिले. "माझं इथं बिघडलंय," म्हणाल्या. बिघडलं की काय होतं तेही सांगितलं, सगळं. एक मुलगी त्या दिवशी तासानंतर मागे थांबली आणि मलाही असंच होतं बाई, म्हणून रडली. तिच्या घरच्यांनी तिला तोवर अंगारे लावले होते. पण शाळेत गाजलं ते हे नाही. दुसऱ्याच एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आले, की मुलींसमोर ही घाण. मोठ्या बाईंनी बाईंना बोलावून घेतलं, मीही तिथेच होते. बाईंचं एकच उत्तर. "हृदय बिघडलं म्हटलं असतं तर तुम्ही गुच्छ आणला असता. आतडं काय अंगाबाहेर असतं?"

हिवाळ्यात आमच्याकडे भरीत-पुरीच्या पार्ट्या होतात, शेतावर, काडी-काटक्यांवर वांगी भाजून. बाईंना भरीत चालायचं. त्या ते वाटीत घेऊन चमच्याने खायच्या, नुसतं. पुरी नाही, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी नाही. आमच्या खानदेशी मंडळींना हा घोर अपमान वाटायचा. एकीने तर मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी काही भांडण आहे का हो त्यांचं?"

दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा बाईंनी अक्काला समोर बसवून सांगितलं, की आता माझ्या ताटात धान्य येता कामा नये, डिलिव्हरीपर्यंत नाही, पाजते आहे तोपर्यंतही नाही. अक्काने ऐकून घेतलं आणि तिचा चेहराच खुलला. "धान्य बंद ना? मंग सोपं शे. उपासनं खावानं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंसमोर साबुदाण्याची खिचडी, वर खोबरं, कोथिंबीर.

इथून जे सुरू झालं ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. साबुदाणा म्हणजे निव्वळ पीठ. बटाटा पीठ. रताळं पीठ. भगर पीठ. बाईंना जे जे विष ते ते नेमकं आमच्या उपासाच्या ताटात. पण आमच्याकडे धान्य नाही म्हटलं की माणसाच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही. उपासाचं चालतं म्हणजे चालतं. बाईंनी खिचडीवर थेंब टाकून दाखवला, काळी झालेली खिचडी अक्काच्या नाकाशी धरली. अक्का म्हणाली, औषध काळं आहे म्हणून काळी झाली. सोमवारी भगर आली. गुरुवारी राजगिऱ्याचा शिरा आला. बाई ताट सरकवत राहिल्या आणि अक्का नवनवीन करत राहिली. सुनेला डोहाळे कडक लागलेत, जिभेला काही रुचत नाही, असं ती गल्लीत सांगायची, तेही काळजीने.

गल्लीने त्यापुढे मजल मारली. बाई केळं खातात, दही खातात, बदाम खातात, अन्नाला शिवत नाहीत, म्हणजे नवस. मूल राहावं म्हणून नऊ महिने अन्न सोडलंय म्हणे. झालं. बायका पाया पडायला यायला लागल्या. एकजण तर आपल्या वांझ म्हणवल्या गेलेल्या सुनेला घेऊन आली, बाईंच्या हातचं केळं प्रसाद म्हणून द्या म्हणे. बाई दारात उभ्या, पोट पुढे आलेलं, डोळे लाल. "मी उपाशी नाही," त्या ओरडल्या, "मी तुमच्यापेक्षा जास्त खाते. मला आतड्याचा आजार आहे." बायका आपसात म्हणाल्या, व्रताचं बोलून दाखवायचं नसतं, म्हणून असं सांगतात.

आणि मग कुणीतरी त्यांना अंडी उकडताना पाहिलं. अक्काच्या स्वयंपाकघरात अंडं येणं शक्य नव्हतं, म्हणून बाई मागच्या जिन्यात वातीच्या स्टोव्हवर उकडायच्या. उपासाला अंडी? काल पाया पडणाऱ्या बायका आज पदर नाकाला लावून जायला लागल्या. देवाला फसवते, हिचं भलं नाही व्हायचं. पोटातल्या लेकराचं वाईट चिंतायलाही कमी केलं नाही कुणी. आणि ज्यांना नवसही पटला नव्हता त्यांचं म्हणणं, की बाईंना बारीक राहायचंय. सातव्या महिन्यातल्या बाईला. दर महिन्याला गावातल्या डॉक्टरीणबाई वजन करायच्या, लोहाच्या गोळ्या द्यायच्या, बाळ छान वाढतंय म्हणायच्या, आणि बाई ते शिक्षक-खोलीत जाहीर करायच्या. ऐकायचं होतं कुणाला?

शाळेत डोहाळजेवण करायची मोठ्या बाईंची पद्धत होती. बाई नको नको म्हणत होत्या, पण त्यांना फुलांचे दागिने घालून पाटावर बसवलंच. समोर खापरावरचे मांडे, आमरस, भजी. बाईंनी ओटीतला नारळ ठेवला आणि तांदूळ शेजारणीच्या ओंजळीत रिकामे केले. मग आल्या दोन झाकलेल्या वाट्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. गर्भारणीने एक उघडायची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, आणि जे निघेल ते तिथेच खायचं. बाईंनी दोन्ही वाट्या उघडल्या. पर्स मागवली. सगळ्यांच्या देखत दोन्हींवर एकेक थेंब टाकला. पेढ्याला काही झालं नाही. बर्फी निळीकाळी पडली. मिठाई मोठ्या बाईंनी स्वतः निवडून आणलेली होती. मागे बसलेल्या एकीला काही दिसलं नव्हतं, ती उत्साहाने ओरडली, "काय निघालं, काय निघालं?" बाई म्हणाल्या, "मैदा."

मी तेव्हा हसले होते. मोठ्या बाईंचं तोंड बघून कुणीही हसलं असतं. पण घरी येताना बाई माझा दंड धरून चालत होत्या. "यांना वाटतं मी नाटकं करते," त्या म्हणाल्या. "एक घास चुकला तर मी पुन्हा रक्तात पडेन. आणि मी पडले की हेही जाईल. मागच्या दोन्हीसारखं. एवढंच आहे गं. यात न कळण्यासारखं काय आहे?" भर रस्त्यात त्यांना असं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मुलगी झाली. वेळेवर, चांगल्या वजनाची, टाहो फोडत. सावद्याला आई नव्हती, त्यामुळे बाई धुळ्यातच राहिल्या, अक्काच्या हाताखाली. दूध पहिले दिवस जरा कमीच होतं, बऱ्याच बायकांना असतं. अक्का बाजेशेजारी बसून पोरीच्या तोंडाकडे बघत राहायची आणि म्हणायची, "पोटमा अन्न नही, ते दूध कथाईन येई व माय?" बाई पोरीला उचलून पुन्हा छातीशी धरायच्या. घेईल, म्हणायच्या. आणि घ्यायला लागलीही पोर. दूध चांगलं उतरलं.

आणि बाईंचं पोट बिघडलं. आधी कळ, मग जुलाब, मग रक्त. जवळजवळ दोन वर्षांनी. बाई बाजेवरून उठून मोरीपर्यंत जायच्या आणि भिंत धरून परत यायच्या. तापही आला. दूध आटायला लागलं, पोर भुकेने किंचाळायची. गावातल्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, अंगावर पाजणं थांबवा, डब्याचं दूध सुरू करा. त्या दुपारी बाई रडल्या. इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होते, रक्त पडत असतानाही तास घेणारी ती बाई, पण रडताना पाहिली ती तेव्हाच. यजमान डेपोतून पुण्याला ट्रंक कॉल लावत बसले. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि या गोळ्यांवर पाजायला हरकत नाही, बाईंच्या अंगात ताकद असेल तर पाजू द्या, असं सांगितलं. शेवटी विचारलं, खाण्यात काही आलं का?

बाईंनी मला हाक मारून शाळेतून आयोडीन आणायला सांगितलं. त्यांची बाटली बाळंतिणीच्या खोलीतून अक्काने कधीच हलवली होती, अपशकुनी म्हणून. मी नेऊन दिली तेव्हा समोर दुधी भोपळ्याचं सार होतं. अंगावर दूध यावं म्हणून अक्का रोज दोन वेळा करून द्यायची, बाईही आवडीने प्यायच्या. दुधी त्यांना चालायचा. बाईंनी साराचे दोन चमचे बशीत घेतले, थेंब टाकला. बशी काळी झाली.

"अक्का, ह्यात काय आहे?"

अक्का दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती, हेच मला जास्त लागलं. "साबुदाणा वाटीसन टाकेल शे," ती म्हणाली. "धान्य नही टाकं मी. तुले वचन देल व्हतं. साबुदाणा काय धान्य शे? उपासले बठ्ठा खातस."

रोज दोन वेळा. बाळंत झाल्यापासून. बाईंना मी वर्गात कितीदा चिडताना पाहिलं होतं, पण त्या वेळी त्या आवाज न चढवता बोलल्या, आणि शाळेतली भाषा सुटून सावद्याची बोली तोंडात आली. "किती डाव सांगतलं तुमाले. कायले केलं असं? मी मेली असती तं हिले कोनं पाजलं असतं?" मग त्यांनी पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि उठल्या. बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. बाईंनी भर दुपारी ओलांडला, गल्ली ओलांडली, कठड्याला धरत धरत माझ्या माडीचा जिना चढल्या. दारादारात बायका उभ्या राहून बघत होत्या. मागे यजमान, खांद्यावर गादी आणि हातात पाळण्याच्या दोऱ्या. त्यांनी आईकडे बघितलं नाही की बायकोला थांबवलं नाही. त्या माणसाबद्दल माझं मत त्या दिवशी बदललं.

पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, की बाळंतपणानंतर हा आजार असाही उसळतो, साबुदाण्यानेच उसळला असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. नसेल म्हणता येत. मी काही डॉक्टर नाही, मी म्हणते.

माझ्या त्या एका खोलीत बाई पोरीसकट राहिल्या. मी अंडी उकडायला शिकले, दही घोंगडीत गुंडाळून ठेवायला शिकले. कोंबडीचं पाणी करायलासुद्धा शिकले, आयुष्यात कधी मांसाला शिवले नव्हते तरी. गोळ्या लागू पडल्या. ताप उतरला, मग रक्त थांबलं. पोर चिकटून असायचीच, सुटतच नव्हती, दूध आटतं की राहतं याचा निकाल जणू तिनेच लावायचा ठरवला होता. गल्लीत माझ्या नावानेही बोभाटा झाला, सासू-सुनेत भांडण लावलं म्हणून. लावलं असतं तर बरंच झालं असतं.

अक्का रोज संध्याकाळी यायची. जिन्याच्या तळाशी उभी राहून हाक मारायची. हातात कायम झाकलेलं काहीतरी. डिंकाचे लाडू. अळिवाची खीर. एकदा तर बाजरीची भाकरी आणि तूप, फडक्यात बांधून, गरम. बाई वरूनच विचारायच्या, "हातात काय आहे?" आणि अक्काने सांगितलं की दार लावून घ्यायच्या. अक्का पायरीवर बसून राहायची. मी पाणी भरायला उतरले की मला धरायची. तिचं पहिलं लेकरू दुष्काळाच्या साली गेलं होतं. घरात भाकरी नव्हती, हिच्या अंगावर दूध नव्हतं, चोखून चोखून लेकरू गेलं. हे तिने मला पायरीवर सांगितलं. मला वाईट वाटलं, नाही वाटलं असं नाही. पण मी तिला तिथेच म्हटलं, अक्का, तुमचं अन्नावाचून गेलं म्हणून हिचं अन्न घालून घालवणार होतात का? मला आजही वाटतं, मी बोलले ते बरोबर बोलले.

मग एके दिवशी तिची हाक आली ती नुसतीच. बाईंनी वरून नेहमीचं विचारलं. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. अक्का उभी होती आणि पदराला हात पुसत होती, पुन्हा पुन्हा. "काहीच नही," ती म्हणाली. "रिकामा हात लीसन बाळंतीनना घर कशी येऊ मी? कोनी बी येस का असं?" आमच्याकडे खरंच येत नाही कुणी. बाळंतिणीला भेटायला शत्रूसुद्धा मूठभर खोबरं घेऊन येतो. ती म्हातारी जिन्यात शरमेने अर्धी झाली होती.

"रिकामे आहेत ना?" बाई म्हणाल्या. "मग या."

मी नसतं बोलावलं. मी हे बाईंच्या तोंडावर म्हटलं, अक्का जिना चढत असताना. बाईंनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. पोर नुकतीच पिऊन झाली होती, ओठांच्या कोपऱ्यातून ओघळ आला होता. अक्का दारातच थांबली, आत यायला धजेना. बाईंनी पोर तिच्या हातात ठेवली. अक्काने तिला उचलून नाकाशी नेलं, हुंगलं, आणि तशीच धरून राहिली.

"हिना तोंडले दूधना वास येस," ती म्हणाली.

"येणारच," बाई पदर सारखा करत म्हणाल्या. "आता खांद्यावर घ्या तिला आणि ढेकर काढा. पाठ हळू थोपटा."